आकडे गिरवण्याआधी जोड्या लावा

पहिलीला नाव घालायला येणारे आई-बाप हमखास सांगतात, "बाई, हिला शंभरपर्यंत येतंय बघा." येतं, त्यात खोटं काही नाही. मी पोरीसमोर मूठभर काजूबिया टाकते आणि किती आहेत विचारते. तोंड पुढं पळतं, बोट मागं राहतं. एकाच बीवर 'तीन' आणि 'चार' दोन्ही पडतात, कडेची एक बी राहूनच जाते आणि उत्तर येतं, "चौदा!" असतात अकरा. पुन्हा मोज म्हटलं की तेरा येतात, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नाही.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी लहान वर्ग घेते. हे लिहितेय ते घरी पोरांना घेऊन बसणाऱ्या आई-आज्जीसाठी आणि पहिली-दुसरी नव्यानं हातात आलेल्या शिक्षकांसाठी. सांगायचं एवढंच, की पाटीवर १, २, ३ गिरवून घेण्याआधी पोराकडून जोड्या लावून घ्या. एका वस्तूला एक खूण, कमी नाही की जास्त नाही. पुस्तकात याला 'एकास एक संगती' म्हणतात. आकडे लिहायच्या जुन्या पद्धती पाहिल्या तर त्यांच्या मुळाशी हीच युक्ती सापडते, आणि आपले एकक-दशक आतून अजून तेच काम करतात. हे हातानं कळलेलं पोर पुढं हातच्याच्या बेरजेला अडत नाही.

सुरुवातीला आकड्यांची नावंच नकोत

सुरुवातीला एक-दोन-तीन म्हणायचंच नाही. माझं निम्मं काम शाळेतलं दुपारचं जेवण करून देतं. अंडी असतात त्या दिवशी न खाणाऱ्याला केळं मिळतं. अंडंवाल्यांची एक रांग, केळंवाल्यांची दुसरी. प्रत्येकानं एकच उचलायचं. मग विचारायचं, काय उरलं, अंडी की पोरं? "बाई, अंडं उरलं की!" मग जास्त काय होतं? पोरांना आपसूक कळतं. कुणी काही मोजलेलं नसतं.

घरी हेच ताट-वाटीवर होतं, चहाच्या कपबशीवर होतं. पाहुणे आले की पोराला पाठवा, प्रत्येकाला एक पेला. किती पेले, ते सांगू नका. माणसं बघून तेच आणू दे.

पुढची पायरी जरा चकवणारी आहे. सात चिंचोके एका ओळीत मांडा, समोर सात काजूबिया. जोड्या नीट समोरासमोर दिसल्या पाहिजेत. पोर म्हणेल, सारखेच आहेत. आता त्याच्या डोळ्यांदेखत चिंचोक्यांची ओळ लांबवा, मधे अंतर सोडत. पाच वर्षांचं पोर बहुधा सांगतं, चिंचोके जास्त झाले. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी हे गेल्या शतकात पद्धतशीर तपासलं. घरातली मोठी माणसं इथं लगेच "अरे, सारखेच की!" म्हणतात, आणि तेच करू नये. पोराच्या हातात खराट्याच्या काड्या द्या आणि प्रत्येक चिंचोक्यापासून समोरच्या बीपर्यंत काडी ठेवायला सांगा. ओळ तिरकी होईल, पण एकही काडी मोकळी राहणार नाही. आज पटलं नाही तर राहू द्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा.

हे जमलं की मग मोजणं. इथं एकच नियम कडक पाळा: मोजलेली वस्तू जागची हलली पाहिजे. बी उचलायची, 'एक' म्हणायचं, डब्यात टाकायची. टपकन आवाज येतो तो फार कामाचा असतो, कारण तोंड त्या आवाजाची वाट बघायला शिकतं. आमच्याकडं भात मापताना म्हातारी माणसं पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, मग दोन, मग तीन. 'एक' म्हटलं काय, 'लाभ' म्हटलं काय, मापाला एक शब्द पडला की हिशेब चुकत नाही. शेवटी विचारा, "म्हणजे किती?" पोर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं तर समजा, शेवटचा शब्द हा सगळ्या ढिगाचा शब्द आहे हे अजून उतरलेलं नाही. अशा पोराला आकडा लिहायला देऊ नका.

रेघ

आता खडू द्या. प्रत्येक बीला एक उभी रेघ. लिहिण्याची ही सगळ्यात जुनी रीत. आफ्रिकेत काँगोमध्ये इशांगो इथं १९५० मध्ये खाचा पाडलेलं एक हाड सापडलं, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचं. त्या खाचा कशाच्या, यावर विद्वानांचा वाद आहे, पण ओळीनं खाचा मारत जाणं ही माणसाची जुनी सवय आहे एवढं त्यावरून दिसतं. आपल्याकडं दूध घातलं की भिंतीवर कोळशाची रेघ ओढणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्यात. अक्षर न येणाऱ्या, पण गवळ्याला एक लिटर सोडणार नाहीत.

पोराला रेघांची खोड लागली की अडचणही त्यालाच दाखवायची. एका पाटीवर सतरा रेघा काढा, दुसरीवर अठरा. जास्त कुठं? नुसत्या बघून सांगता येत नाही. तीन-चारपर्यंत डोळा एका नजरेत पकडतो, पुढं गडबडतो. तुम्ही-आम्हीसुद्धा. मग पोरालाच विचारा, काय करूया? कुणीतरी सांगतंच, जरा जागा सोडूया. चार उभ्या आणि पाचवी त्यांवर आडवी, हे त्यानंतर दाखवा. कडबा विकणाऱ्यांच्या घरातलं पोर असेल तर त्याला पाचुंदा ठाऊक असतो, पाच पेंढ्यांचा. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या घरातलं असेल तर मजुरी हजारावर मिळते हे त्यानं ऐकलेलं असतं, आणि हजार काही कुणी सुटे मोजत बसत नाही, कट्टे मोजतात. पोराच्या घरात जो गठ्ठा चालतो तिथूनच सुरू करा.

जाता जाता एक गंमत, मोठ्या पोरांना फार आवडते. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात कित्येक शतकं काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवत. खाचा पाडल्या की काठी उभी चिरायची, एक फाळ देणाऱ्याकडं, एक घेणाऱ्याकडं. दोन्ही जुळवल्या की लबाडी लगेच उघडी पडे. पुढं त्या निकामी काठ्या १८३४ मध्ये जाळायला काढल्या, त्या आगीत इंग्लंडची पार्लमेंटच जळाली. बांबूची कांब घेऊन हा खेळ करता येतो, फक्त चिरायचं काम मोठ्यांनी करा.

मातीचा खेळ, आणि हा वगळू नका

खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळं आम्हाला ती फुकट आणि चांगली मिळते. तुमच्याकडं नसेल तर कुंभाराकडून आणा. शेतातली काळी माती नको, वाळताना तडकते.

आदल्या दिवशी पोरांकडून छोट्या वस्तू करून घ्या. शेंगदाण्याएवढ्या गोल गोळ्या म्हणजे शेळ्या, छोटे शंकू म्हणजे भाताची पोती, चपट्या टिकल्या म्हणजे तेलाचे डबे. उन्हात कडक वाळवा. न वाळवता पुढं गेलात तर सगळा लगदा होतो.

दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगा. एक धनगर दुसऱ्या गावच्या माणसाकडं पाच शेळ्या आणि दोन पोती भात पाठवतोय, नेणारा गडी तिसराच. वाटेत एक शेळी गायब झाली तर कळणार कसं? लिहायला कुणाला येत नाही. पोरं पाच गोळ्या आणि दोन शंकू बाजूला काढतात. आता मोसंबीएवढा ओल्या मातीचा पोकळ चेंडू करा, गोळ्या-शंकूंना चुलीतली राख फासून आत टाका (राख नसेल तर ओल्या मातीला चिकटून बसतात), तोंड बंद करा. गड्याला उघडता येणार नाही, उघडलं तर दिसेल.

मग विचारायचं: गडी पोचला, पण चेंडू न फोडता आत काय आहे ते कसं कळेल? इथं गप्प बसा. वर्गात एक-दोन मिनिटं कलकलाट होतो. कुणी चेंडू कानाशी धरून हलवतं. कुणी म्हणतं, "बाई, वर चित्र काढूया." आणि कुणीतरी हमखास म्हणतं, आत टाकायच्या आधी बाहेरून दाबूया. ओल्या चेंडूवर गोळी दाबली की खळगा उमटतो. पाच गोल खळगे, दोन टोकदार.

आताच्या इराक-इराणच्या भागात साडेपाच हजार वर्षांपूर्वी असेच चेंडू होते, आत मातीचे तुकडे, आणि काहींच्या पाठीवर त्याच तुकड्यांचे ठसे. त्या तुकड्यांपासूनच लिखाण निघालं, अशी मांडणी डेनिस श्मांट-बेसेरा या अभ्यासक बाईंनी केली. तुमच्या पोरांना पुढची पायरी सांगावी लागत नाही. बाहेर ठसे आहेत, मग आतल्या गोळ्या कशाला? एक पोरगा म्हणाला होता, "मग चेंडू तरी कशाला? फळीच करू." तिथल्या लोकांनीही तेच केलं. चेंडू गेला, चपटी पाटी आली.

अजून एक प्रश्न उरतो. पन्नास शेळ्या असतील तर पन्नास ठसे? उरुक शहरातल्या पाट्यांवर, ख्रिस्तपूर्व ३३०० च्या आसपास, वस्तूची खूण वेगळी आणि 'किती'ची खूण वेगळी झालेली दिसते. शेळी एकदाच काढायची, शेजारी आकडा. आपण 'पाच शेळ्या' म्हणतो तेव्हा 'पाच' शेळीपासून सुटा झालेला असतो, हे मोठ्यांना इतकं अंगवळणी पडलंय की पोरासाठी तो केवढा उडीचा भाग आहे ते ध्यानात येत नाही. म्हणून हा खेळ उरकू नका. दोन दिवस लागले तर लागू द्या.

गठ्ठ्याला स्वतःची खूण

खराट्याच्या काड्या घ्या, भरपूर. दहा काड्या झाल्या की रबर लावायचं, तो गठ्ठा. दहा गठ्ठ्यांना सुतळी, ती मोळी. पाटीवर सुट्या काडीला रेघ, गठ्ठ्याला कमान, मोळीला वेटोळं. ही खूण माझी नाही, जुन्या इजिप्तची आहे: एकाला रेघ, दहाला कमान, शंभराला दोरीचं वेटोळं, हजाराला कमळ.

चौतीस काड्या द्या आणि लिहायला सांगा. तीन कमानी, चार रेघा. दुसरा कुणी आधी रेघा काढेल, मग कमानी. दोन्ही बरोबर, कारण इथं क्रमाला किंमत नाही, खूणच आपली किंमत सांगते. मात्र जोडी अजून तशीच आहे. एका कमानीला एक गठ्ठा, एका रेघेला एक काडी. पोराचं बोट पाटीवरच्या खुणेवर आणि टेबलावरच्या गठ्ठ्यावर आळीपाळीनं ठेवून घ्या. नंतर नव्याण्णव लिहायला सांगा. अठरा खुणा होतात, पोरं वैतागतात. वैतागू द्यात, पुढच्या पायरीला तोच वैताग उपयोगी पडतो. रोमन आकडे इथं पाच मिनिटांत दाखवून पुढं गेलं तरी चालतं.

जागा, आणि रिकामी जागा

जमिनीवर खडूनं तीन चौकोन आखा. उजवीकडचा सुट्या काड्यांचा, मधला गठ्ठ्यांचा, डावीकडचा मोळ्यांचा. चौतीस मांडा. आता कमान काढायची गरज उरली का? चौकोनच सांगतोय, इथं गठ्ठे आहेत. मग गठ्ठ्यांच्या चौकोनाखाली नुसतं ३, काड्यांखाली ४. चौकोन पुसा, ३४ उरतं. त्या तीननं तीन गठ्ठ्यांशीच जोडी लावलीय, काड्यांशी नव्हे. शेजारी ४३ मांडून घेतलं की फरक बोलून दाखवावा लागत नाही.

मग दोन मोळ्या आणि चार काड्या द्या. गठ्ठा एकही नाही. पोर २४ लिहितं, आणि तुम्ही चौकोन पुसलेले असले की त्यालाही मोळी कुठली, गठ्ठा कुठला ते सांगता येत नाही. आता शून्य द्या. पहिलीच्या पुस्तकात शून्य 'काहीच नाही' म्हणून येतं, रिकाम्या ताटासारखं, आणि पोरं ते पाठही करतात. त्याचं खरं काम जागा धरून ठेवण्याचं आहे, ते २०४ मध्येच दिसतं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. त्यात बागेचं माप २७० हात आणि रोजच्या फुलांच्या माळा ५०, ही दोन्ही शून्यं छोट्या गोलानं कोरलेली आहेत. त्याच शतकात आपल्या कर्नाटकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, म्हणजे या भागाला स्थानमूल्याचं गणित जुनंच ओळखीचं आहे.

याच्या उलट जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा लेख. त्यात दान दिलेल्या गाई आणि नाण्यांचे आकडे आहेत, पण दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही, लागतही नव्हतं. गठ्ठ्यांच्या खुणा करणाऱ्या पोरांना हे सांगितलं की आपण नाणेघाटवाल्यांच्या पुढं गेलो म्हणून खूश होतात.

पंचवीसचं ५२ होतं तेव्हा

होणारच. मराठीत आपण पाच आधी बोलतो, वीस नंतर, आणि लिहिताना वीसाचं दोन आधी. ऐकेल तसं लिहिणारं पोर ५२ लिहितं. एकोणतीस तर आणखी अवघड, तिथं तीस ऐकू येतं आणि लिहायचं दोन. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, म्हणजे वीस आधी मग पाच, लिहिण्याच्याच क्रमानं. इप्पत्तोंबत्तुमध्येही वीस आणि नऊच. आमच्या पोरांना दोन्ही कानावर पडतं, तर त्याचा फायदा घ्या. मी २५ च्या काड्या मांडून "कन्नडमध्ये म्हण" सांगते, बोट गठ्ठ्यांवरून काड्यांवर डावीकडून उजवीकडं जातं, मग मराठीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. आम्ही इकडून बघत होतो. मला विचाराल तर पंचवीस टाकायची गरज नाही. बाजारात पंचवीसच म्हणतात, पोराला तिथंच जगायचंय. गठ्ठे टेबलावर राहिले की दोन्ही नावं चालतात.

कन्नड अंकांचंही तसंच. काही बसवर आणि किलोमीटरच्या दगडांवर ते दिसतात, आणि पोरं बिचकतात. दोन, तीन, चार यांचे चेहरे आपल्या देवनागरीच्या जवळचे आहेत, कारण दोन्ही ब्राह्मी या जुन्या लिपीतून आलेत. ब्राह्मीत एक, दोन, तीन म्हणजे नुसत्या आडव्या रेघा होत्या, एकावर एक. घाईत लिहिताना त्या जोडल्या गेल्या आणि २, ३ झाले. भरभर दोन आडव्या रेघा न उचलता काढून बघा, २ चा अंदाज येतो. नंतर तीन प्रकारचे अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या करा, मराठी, कन्नड आणि फोनवरचे, आणि जोड्या लावायला द्या.

रेघ गेली असं मात्र समजू नका. गावातला सुतार अजून साडेचार फूट ४॥ असा लिहितो. सव्वाचार ४।, पावणेपाच ४॥।. एक पाव, एक रेघ. चारसाठी स्थानमूल्याचा अंक आणि त्याच्या बुडाशी इशांगोच्या हाडावरची रेघ, एकाच चिठ्ठीवर. आजोबांची जुनी वही घरात असेल तर पोराला दाखवा आणि किती पाव ते विचारा.

जमलं की नाही, हे कसं ओळखाल

२०४ लिहून विचारा: नुसत्या रेघांनी लिहिलं तर किती रेघा? कमानी-वेटोळ्यांनी लिहिलं तर किती खुणा? पहिल्याला २०४, दुसऱ्याला ६. दुसरं उत्तर न अडखळता आलं की काड्या आवरून ठेवा. अडलं तर काड्या परत काढा. दुसरीतल्या पोराला काड्या लागतात म्हणून लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

घरात सातवी-आठवीचं कुणी असेल तर त्यालाही रिकामं बसवू नका. सगळे आकडे जास्त की फक्त सम आकडे, असं विचारा. ते हसून म्हणेल, सगळे जास्त, सम निम्मेच. मग अंडं-केळंच करायचं, एकेकाला एक: १ ला २, २ ला ४, ३ ला ६. गॅलिलिओनं १६३८ मध्ये वर्गसंख्या घेऊन हाच पेच मांडला आणि अनंताला जास्त-कमी लावताच येत नाही म्हणून सोडून दिला. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज कँटर यांनी जोडी लागली की सारखे, हा नियम अनंतालाही लावला. आमच्या मोठ्या पोरांत यावरून दोन तट पडतात. "सम निम्मेच" म्हणणाऱ्या तटाला पाटी द्या आणि ज्याला जोडी मिळत नाही असा एक तरी आकडा शोधून लिहायला सांगा.